घरात समुद्र ठेवायचा म्हटलं तर

 

आपल्या गप्पांत शेळ्या असतात, परसबाग असते, शेवया-कुरडया असतात. आजचा विषय ऐकून मात्र तुम्हाला जरा हसू येईल. समुद्राच्या पाण्याचा फिश टँक घरात कसा ठेवतात, ते आज सांगणार आहोत. पिंपळीत समुद्र कुठून आला, असं कुणी म्हणेल. तो मोबाईलमधून आलाय. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे, पाण्यात डुलणारी रंगीत प्रवाळं, निळा उजेड. पोरं व्हिडिओ बघतात आणि आईच्या मागं लागतात. मग आई गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचा अर्ज ठेवते. कुणाला हौस असते, तर कुणाला त्यात धंदा दिसतो. अर्ज आला की गटाला उत्तर द्यावंच लागतं, आणि माहिती नसताना दिलेलं उत्तर, हो असो की नाही, उपयोगाचं नसतं. म्हणून हा विषय घेतला.

बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. आपल्या विहिरीचं पाणी नाहीतरी खारंच आहे, मग समुद्रातले मासे त्यात का जगणार नाहीत? प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. याच प्रश्नापासून सुरुवात करूया, कारण सगळा विषय त्यातच आहे.

विहिरीचं खारं, समुद्राचं खारं

नीरा डाव्या कालव्याच्या भिजव्यात आपल्याकडं पुष्कळ जमीन खारवट आणि चोपण झाली आहे. विहिरींना, बोअरला खारं पाणी आहे. गावातल्या आरओ प्लँटवर टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र तुम्ही पाहिलं असेल. एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत, ते त्यावर दिसतं. पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत असावेत असं सरकारी मानक सांगतं. दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. एखाद्या खाऱ्या बोअरला आकडा ३,००० दिसला तर आपण तोंड वाकडं करतो. समुद्राच्या पाण्यात तोच आकडा ३५,००० च्या आसपास असतो. म्हणजे एका लिटरला ३५ ग्रॅम क्षार.

मग आपल्या पाण्यात किराण्यातलं मीठ कालवून आकडा ३५,००० वर नेला तर? तरी समुद्र होत नाही. त्या ३५ ग्रॅममधलं साधारण २७ ग्रॅम हे आपलं खायचं मीठ असतं. उरलेल्या ८ ग्रॅममध्ये मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅश, गंधकाचे क्षार आणि आणखी कितीतरी गोष्टी थोड्या थोड्या असतात. मिठागरात मिठाचे खडे धरले की खाली उरलेलं कडू पाणी काढून टाकतात. मॅग्नेशियम आणि पोटॅश त्या कडू पाण्याबरोबर जातं. म्हणून खडेमीठ असो की पुडीतलं, त्यातून समुद्र परत तयार होत नाही.

आपल्या विहिरीच्या पाण्याचं उलटं आहे. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात कॅल्शियम बऱ्याचदा जास्त असतं, पोटॅश मात्र फार कमी. शिवाय उसाला टाकलेला युरिया झिरपून विहिरीत नायट्रेट येतं. प्रवाळाला ते अजिबात मानवत नाही. तेव्हा खारं म्हणजे सगळं एकसारखं खारं नाही. आमटीत मीठ आहे आणि लोणच्यातही मीठ आहे, म्हणून आमटीत कैरी घातली तर लोणचं होतं का?

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. तिथं समुद्र दारातच होता. आपल्याकडं पाणी एकेका चमच्यानं तयार करावं लागतं.

पाणी तयार करायचं कसं

समजा टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी बसतं, म्हणजे ही टाकी १९० लिटरची झाली. दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी १७० लिटरच्या आसपास लागतं. तयार समुद्री मीठ बाजारात पिशवीत मिळतं. त्यात वर सांगितलेले सगळे क्षार मापात असतात. १७० लिटरला लिटरमागं ३५ ग्रॅम धरलं तर सुमारे सहा किलो मीठ लागेल.

पाणी आरओचं, तेही शक्य तितक्या कमी टीडीएसचं घ्यायचं. प्लास्टिकच्या पिंपात आधी पाणी भरायचं, मग त्यात थोडं थोडं मीठ सोडायचं. मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर काही क्षारांचा साका होऊन बसतो. पंप लावून ते पाणी एक दिवस फिरत ठेवायचं. मग रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या दुर्बिणीसारख्या छोट्या यंत्रानं खारेपणा बघायचा. चव घेऊन अंदाज बांधायचा नाही. तांब्या-पितळेची भांडी या कामात आणायची नाहीत. पाण्यात उतरलेलं तांबं कोळंबी आणि प्रवाळ मारून टाकतं.

इथं एक गोष्ट तुमच्या स्वयंपाकघरातलीच आहे. आमटी चुलीवर आटली की खारट होते. पाणी वाफेनं जातं, मीठ मागं राहतं. टाकीचंही तसंच. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात या मापाच्या टाकीतून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज उडतं. ते भरून काढताना खारं पाणी घालायचं नाही, आरओचं गोडं पाणी घालायचं. रोज घालायचं. चार दिवस विसरलं की खारेपणा वाढतो. मासा एखादवेळी सोसतो, बाकीचे जीव सोसत नाहीत.

आणि घरातलं आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागं दोन-तीन लिटर पाणी बाहेर सोडतं, हेही हिशेबात धरा. ज्या वस्तीवर मे महिन्यात टँकर येतो, तिथं या टाकीचा विचार करताना हा आकडा आधी मांडायचा.

टाकीतलं विरजण

नवीन टाकी भरली आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडले, तर मासे बहुतेक मरतात. दुकानदार म्हणतो पाणी बिघडलं, घरातले म्हणतात दृष्ट लागली. खरं कारण वेगळं आहे.

माशाच्या अंगातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. निसर्गात काही जंतू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जंतू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही माशाला घातक असतं, नायट्रेट त्या मानानं बरंच सौम्य असतं. हे तुमच्या शेतात रोज चालतं. उसाला टाकलेल्या युरियाचा आधी अमोनिया होतो, मग जमिनीतले जंतू त्याचं नायट्रेट करतात आणि पीक ते उचलतं. टाकीतही तसेच जंतू लागतात. ते सच्छिद्र दगडांवर आणि वाळूवर वस्ती करतात.

ही वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. विरजण लागल्याशिवाय दही होत नाही, आणि गडबड केली तर दूध नासतं. या दिवसांत टाकीत मासे नसतात. नुसतं पाणी, दगड, फिरता पंप आणि जंतूंना खायला अमोनियाचा थोडासा अंश. तपासणी किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवायला लागले की टाकी तयार झाली. मग एक मासा, दोन आठवड्यांनी दुसरा. समुद्री टाकी ठेवणारी जाणती माणसं सांगतात की आपण मासे पाळत नाही, पाणी पाळतो. पाणी नीट राहिलं तर मासा आपोआप नीट राहतो.

नायट्रेट मात्र साठत जातं. ते कमी करायला दर पंधरा दिवसांनी दहावा हिस्सा पाणी काढून नवं तयार पाणी घालतात. आपल्या मापात ते १७ लिटर झालं, म्हणजे दर वेळी ६०० ग्रॅम मीठ. काढलेलं पाणी तुळशीला, परसबागेत किंवा बांधावर ओतायचं नाही. खारवट जमिनीचं दुखणं आपल्याला माहीत आहे, ते हातानं विकत घ्यायचं नाही.

समुद्री टाकीला स्किमर नावाचं एक यंत्र लावतात. ते कळायला गुऱ्हाळ आठवा. काहिलीत रस उकळला की वर मळी येते आणि गुळव्या ती काढून टाकतो. स्किमर पाण्यात हवेचे अगदी बारीक बुडबुडे सोडतो. पाण्यातली घाण त्या बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते आणि एका वाटीत साठते. ती वाटी दर दोन-तीन दिवसांनी धुवायची.

उजेड, गारवा आणि वीज

या टाकीतलं पाणी २४ ते २७ अंशांत राहायला हवं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो आणि पत्र्याच्या घरात तर विचारूच नका. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि माशाला तर गरम पाण्यात जास्त प्राणवायू लागतो. पाण्यावर पंखा मारला तर माठासारखा गारवा मिळतो, पण पाणी आणखी उडतं. नाहीतर चिलर घ्यावा लागतो.

विजेचा हिशेब करूया. दिवा ८० वॅटचा, आठ तास. पाणी फिरवणारा पंप २५ वॅट, लाट करणारा पंप १० वॅट, स्किमर १५ वॅट, हे तिन्ही चोवीस तास. रोज दोन युनिटच्या थोडं खाली, महिन्याला ५५ च्या आसपास. उन्हाळ्यात २०० वॅटचा चिलर दिवसाला आठ तास चालला तर आणखी ४८. म्हणजे शंभराच्या घरात युनिट एकट्या टाकीचे. घरगुती बिलात १०० युनिटांच्या वर दर चढतो, हे तुम्ही बिलावर पाहिलंच आहे.

वीज गेली की पाणी फिरायचं थांबतं. हिवाळ्यात दोन-तीन तास निघतात. मे महिन्याच्या रात्री तेवढ्यात मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप किंवा इन्व्हर्टर हा या टाकीत हौसेचा भाग नाही, गरजेचा आहे.

सुरक्षेचंही बोलायला हवं. पूर्ण भरलेली टाकी, दगड आणि काच मिळून वजन अडीचशे किलोच्या आसपास जातं. लोखंडी स्टँड आणि सपाट, पक्की फरशी हवी. खाऱ्या पाण्यातून वीज फार सहज वाहते. घराच्या मीटरला ईएलसीबी बसवलेलं असावं, आणि टाकीची वायर बोर्डाकडं जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घ्यावी, म्हणजे थेंब बोर्डात न जाता खाली पडतो. टाकीत हात घालण्याआधी बटणं बंद करायची. शेतात फवारणी करून आलेला हात टाकीत घालायचा नाही. त्या खोलीत डासांचा फवाराही मारायचा नाही. कीटकनाशकाच्या अंशानं कोळंबीसारखे जीव लगेच मरतात.

मासा कोणता घ्यावा

समुद्री मासा घ्यायचाच असेल तर क्लाउन मासा घ्यावा. पोरं त्याला निमो म्हणतात. हा मासा आता हॅचरीत तयार होतो. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे. हॅचरीतला मासा काचेच्या पेटीत जन्मलेला असतो. त्याला कोरडं खाद्य खायची सवय असते आणि तो चिवट असतो. समुद्रातून पकडून आणलेल्या माशांचे प्रवासात आणि नव्या टाकीत फार हाल होतात. शिवाय त्यांच्यासाठी समुद्र उपसला जातो.

या माशाची एक गंमत सांगतो. क्लाउन मासे सगळे नर म्हणून वाढतात. कळपात जो सगळ्यांत मोठा आणि वरचढ होतो तो मादी बनतो, आणि मग कळपात तिचंच राज्य. अंडी घातल्यावर ती राखणं, पंखांनी त्यांना वारा घालणं, खराब झालेलं अंडं वेचून टाकणं हे काम बहुतेक नर करतो. आठवडाभरानं रात्रीच्या अंधारात पिल्लं फुटतात. मादी मेली तर तोच नर मादी होतो. गटाच्या बैठकीत ही गोष्ट सांगून बघा, हशा पिकेल.

बायकांच्या गटांनी समुद्री शोभिवंत जीव वाढवल्याचं उदाहरणही आपल्या देशात आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं तिथल्या बायकांना शोभेच्या कोळंबीचं संगोपन शिकवलं. पण ध्यानात घ्या, त्यांच्या दारात स्वच्छ समुद्र आहे. पाणी फुकट आहे आणि ते योग्य मापाचंच आहे. आपल्या महाराष्ट्रात २०१७ पासून कांदळवन उपजीविका योजनेत किनाऱ्यावरच्या गटांना खेकडे, कालवं, शोभिवंत मासे अशी कामं मिळाली. ती योजना कांदळवन असलेल्या किनारी गावांची आहे, बारामती-इंदापूरची नाही. कुणी तिच्या नावानं तुमच्या गटाचा अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागत असेल, तर देऊ नका.

प्रवाळ समुद्रातच राहू द्या

व्हिडिओत जे सगळ्यांत सुंदर दिसतं ते प्रवाळ. ते झाड नाही आणि दगडही नाही. ते बारीक बारीक जीव आहेत. हजारो जीव एकत्र राहतात आणि पाण्यातलं कॅल्शियम घेऊन चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला देतं. पाणी एक-दोन अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असं मोठ्या प्रमाणावर झालं. समुद्रात जर असं होतं, तर वीज गेलेल्या मे महिन्यात आपल्या टाकीत काय होईल?

त्याहून मोठी गोष्ट कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ साली प्रवाळ खडक बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे त्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. समुद्री घोडेही त्याच यादीत आहेत. पहिली अनुसूची म्हणजे ज्या यादीत वाघ आहे ती. त्यातले जीव पकडणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. दुकानात लाइव्ह रॉक म्हणून विकतात तो दगडही बऱ्याचदा खडकापासून फोडलेला प्रवाळाचा सांगाडा असतो. आपल्या टाकीत कोरडे सच्छिद्र दगड किंवा भाजलेल्या मातीचे तयार दगड घाला. जंतूंना ते पुरतात.

इथंच एक वेगळी सूचना. जत्रेत किंवा फोनवरून इंद्रजाल नावाची जाळीदार वाळकी फांदी विकतात. काचेच्या चौकटीत घालून देवघरात लावा, करणी-बाधा जाते, असं सांगतात. ती कुठल्या जंगलातली मुळी नाही. तो समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ असतो, त्याच पहिल्या अनुसूचीतला. घेणारीचे पैसे जातात आणि वर गुन्हाही लागू शकतो. तुमच्या गल्लीत कुणी विकायला आलं तर वनविभागाला कळवा.

प्रवाळ बघायचं असेल तर आपल्याच राज्यात आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात प्रवाळं आहेत. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्राखाली आंग्रिया बँक नावाचा मोठा प्रवाळ पट्टा आहे. त्याला कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालं. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळांच्या १८ वसाहती सापडल्या. त्या २०२० साली शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडं लावल्या. एवढ्या मोठ्या रस्त्याला ज्यांच्यासाठी परवानगी काढावी लागली, ते जीव आपण पिशवीत घालून घरी आणायचे नाहीत. गटाची सहल मालवणला गेली तर पाण्यात तोंड घालून बघा, पण पाय ठेवू नका आणि तुकडा उचलू नका.

गटानं काय विचारायचं

आता कर्जाच्या अर्जाकडं येऊ. हौसेला आमचा विरोध नाही. बाई कमावते, बचत करते, तिला सुंदर वस्तू घरात असावी वाटली तर त्यात वावगं काही नाही. पण अर्ज आला की चार प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहा.

पहिला, हे कर्ज हौसेचं की धंद्याचं? हौसेचं असेल तर त्यातून परतफेड निघणार नाही, हप्ता दुसऱ्या कमाईतून द्यावा लागेल. ती कमाई कोणती, हे आधी ठरावं.

दुसरा, दर महिन्याचं मीठ, वीज आणि आरओचं पाणी यांचा हिशेब कागदावर मांडलाय का? टाकीची किंमत एकदाच द्यायची असते, पाण्याची दर महिन्याला. बहुतेक टाक्या याच खर्चामुळं सहा महिन्यांत कोरड्या होऊन माळ्यावर जातात.

तिसरा, वीज गेली तर काय करणार?

चौथा प्रश्न आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. रोजचं काम कोण करणार? टाकी मागतो मुलगा, आणतात वडील. रोज गोडं पाणी घालणं, काच पुसणं, वाटी धुणं, खाद्य मोजून देणं, पंधरा दिवसांनी पाणी बदलणं, हे काम वर्षभरात हळूहळू आईच्या अंगावर येतं. तिच्याकडं आधीच गोठा आहे, स्वयंपाक आहे, रोजगार आहे. म्हणून ज्याला टाकी हवी त्यानं आधी सहा आठवडे नुसतं पाणी सांभाळून दाखवावं. मासा नसलेल्या टाकीचं पाणी जो रोज न चुकता बघतो, त्याला मासा द्यायला हरकत नाही.

आपल्या पाण्याला साजेल असं

ज्यांना धंदाच करायचा आहे, त्यांनी उलट्या बाजूनं विचार करावा. समुद्रातल्या माशाला हवं तसं पाणी बनवत बसण्यापेक्षा आपल्या पाण्याला मानवणारा मासा निवडावा. गप्पी मासे तुम्हाला माहीत आहेत, आरोग्य खातं डासांच्या अळ्या खायला सोडतं तेच. त्यांचीच रंगीत शेपटीची जात शोभेसाठी विकली जाते. दुसरा मासा मॉली. हे दोन्ही मासे जड, थोड्या खारट पाण्यात चांगले वाढतात, मॉलीला तर तसंच पाणी आवडतं. ज्या बोअरच्या पाण्याला आपण नावं ठेवतो, ते त्यांना चालू शकतं. ते अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, साधारण महिना-सव्वा महिन्याला. मोठे मासे पिल्लं खातात, म्हणून टाकीत पाणवनस्पती दाट हवी किंवा पिल्लं वेगळी करावी लागतात. बोअरचं पाणी आधी रात्रभर हवा देऊन मग वापरावं, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. टाकीतले मासे आणि पिल्लं ओढ्यात, कालव्यात सोडायची नाहीत. ते तिथल्या माशांना त्रास देतात.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्य युनिटचा खर्च तीन लाख रुपये धरला होता आणि महिलांना त्यावर ६० टक्के अनुदान होतं. आज अर्ज घेतात का, काय कागद लागतात, हे पुण्याच्या जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात समक्ष विचारा. विक्री कुठं करणार, बारामती, भिगवण, पुण्यातलं कोणतं दुकान दर आठवड्याला किती मासे घेईल, हे दोन-तीन दुकानांत जाऊन लिहून आणा. गिऱ्हाईक ठरल्याशिवाय टाक्या बांधू नका.

आणि यातलं काहीही करण्याआधी एक बाटली भरून आपल्या विहिरीचं पाणी कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. अहवाल गटाच्या फाईलला लावा. तो माशाला उपयोगी पडेल, पिकालाही पडेल, आणि घरातल्या पिण्याच्या पाण्याचा निर्णय घ्यायलाही पडेल. पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटानं निदान एका विहिरीचा अहवाल आणावा, एवढं आजचं काम.

तुमचे प्रश्न गटाच्या वहीत लिहून आमच्याकडं पाठवा, पुढच्या वेळी त्यांची उत्तरं देऊ. तोवर नमस्कार.